कुठले शाहू?

कोल्हापुरात कुणी ‘शाहू महाराज’ म्हटलं की ‘कुठले?’ असं कुणी विचारत नाही. राधानगरीचं धरण, खासबागेचं मैदान, वसतिगृहं, निम्म्या जागा राखून ठेवणारा १९०२ चा हुकूम हे सगळं त्या नावाबरोबरच येतं. साताऱ्यात मात्र त्याच नावाला आणखी एक उत्तर आहे. तिथं शाहू म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र, मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले, १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक झालेले थोरले शाहू. दोन गावांत महामार्गानं जेमतेम अडीच तासांचं अंतर. नाव एकच, पण ते कुठं उभं राहून घेतलं यावर माणूस ठरतो.

आमच्या गादीवर नावं अशी फिरून फिरून येतात. १७३१ चा वारणेचा तह झाला तो साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात. हे संभाजी रायगडावरच्या संभाजी महाराजांचे पुतणे. राजाराम तर तीन. पहिले जिंजीहून लढलेले. दुसरे १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारलेले. तिथल्या बागेत त्यांचं स्मारक आजही आहे. तिसरे राजर्षींच्या मागून १९२२ ते १९४० गादीवर असलेले. इतिहासाच्या पेपरात या नावांनी पोरांना घाम फुटतो, पण दरबारात घोळ व्हायचं कारण नव्हतं. १८८३ च्या डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. त्यांच्या मागे राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंतराव. गादीवर आला तो शाहू होऊन. हे नाव पूर्वी कुणाचं होतं ते देणाऱ्याला ठाऊक होतं, घेणाऱ्याला ठाऊक होतं, बघायला जमलेल्या रयतेलाही ठाऊक होतं. पूर्वजाचं नाव जाणूनबुजून, चारचौघांत घेतलं गेलं.

मी कोल्हापुरातच बसून सॉफ्टवेअर लिहितो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, साखर कारखाने, दूध संस्था, मार्केट यार्डातले गुळाचे अडते ही आमची गिऱ्हाइकं. या कामातही घराणी असतात, वारसा असतो, वारशानं आलेली नावं असतात. पण इथं पूर्वजाचं नाव माणूस बरेचदा नकळत घेतो. घेतल्याचं त्याला कुणी सांगत नाही, आणि पूर्वजालाही त्याचा पत्ता नसतो. या एका गोष्टीबद्दल निवांत लिहावं असं फार दिवस मनात होतं.

जे प्रोग्रॅमिंग करत नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागून सुरुवात करतो. फ्रेमवर्क म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं, निम्म्याहून जास्त तयार सॉफ्टवेअर. पडद्यावर खिडकी कशी उघडायची, ब्राउझरकडून आलेली विनंती कशी घ्यायची, हे त्याला येतं. ही कामं त्यात क्लासच्या, म्हणजे एकेका प्रकारच्या वस्तूच्या आराखड्याच्या, रूपात मांडलेली असतात. आपण त्यातला एक क्लास निवडतो आणि एका ओळीत जाहीर करतो की माझा क्लास हा याचा वंशज. त्या ओळीसरशी मूळ क्लासच्या सगळ्या मेथड, म्हणजे त्याला करता येणारी सगळी कामं, आपल्या क्लासकडे येतात. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचं एक साधं पान करायला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’चा वंशज लिहावा लागतो आणि त्याच्यामागून शेकडो मेथड येतात. आपल्याला लागतात त्यातल्या चार-पाच. बाकीच्यांची नावंसुद्धा कुणी वाचत नाही, आणि वाचून लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलंही नाही.

पुढं आपल्या क्लासवरून वस्तू घडते आणि फ्रेमवर्क तिला वेळोवेळी नावानं हाक मारतं. हाक आली की यंत्र खालून शोधायला लागतं. आधी वंशजाकडे बघतं, तिथं ते नाव नसेल तर त्याच्या वरच्याकडे, तिथंही नसेल तर आणखी वर. पहिलं जुळलं की शोध संपला. फ्रेमवर्कचा सगळा उपयोग या शोधावर आहे. मूळ क्लास म्हणतो ‘पान तयार झालं’, आणि त्या वेळी काय करायचं ते आपण खाली, त्याच नावाच्या मेथडमध्ये लिहून ठेवलेलं असतं. याला ओव्हरराइड करणं म्हणतात. ऑस्लोच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत ही सोय आणली. आज फोनवर, बँकेत, कारखान्यात जे सॉफ्टवेअर चालतं त्यातलं केवढं तरी तिच्यावर उभं आहे.

यंत्राला दिसतं ते नाव. काही भाषांत नावाबरोबर पॅरामीटरचे, म्हणजे मेथडला सोबत दिल्या जाणाऱ्या माहितीचे, प्रकारही बघितले जातात, पण हेतू कुठंच बघितला जात नाही. मी ‘सेटअप’ नावाची मेथड माझ्या ऑर्डरचा हिशोब मांडायला लिहिली की फ्रेमवर्कच्या ‘सेटअप’च्या जागी बसायला लिहिली, हे यंत्राला कळायची सोय नाही. दोन्ही वेळा वारस तोच ठरतो.

ही टक्कर दोन बाजूंनी होते. पहिल्यात नाव आधीपासून वर असतं आणि खालच्याला ते माहीत नसतं. रेल्स हे वेबसाठीचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना हे पहिल्या काही महिन्यांतच भेटतं. गुळाच्या सौद्याच्या तक्त्यात एका रकान्याला ‘टाइप’ असं नाव द्या आणि त्यात ‘पिवळा’ भरा. रेल्सच्या दृष्टीनं ‘टाइप’ हा रकाना राखीव आहे, वंशज क्लासचं नाव ठेवण्यासाठी. ते ‘पिवळा’ नावाचा क्लास शोधायला निघतं आणि सापडला नाही म्हणून थांबतं. पण थांबताना कारण सांगतं, रकान्याचं नाव बदला असंही सुचवतं. ‘एरर्स’सारखं नाव रकान्याला दिलं तर हे नाव आमचं आहे म्हणून सरळ नकार देतं. मला हा नकार आवडतो. तो ऐकून माणूस पाच मिनिटांत मार्गाला लागतो.

दुसरी बाजू अवघड. आपण नाव घेतलं तेव्हा वर ते नव्हतं. जागा मोकळी होती, कागदपत्रं तपासली असती तरी मोकळीच दिसली असती. दोन वर्षांनी फ्रेमवर्कची नवी आवृत्ती येते आणि मूळ क्लासला तेच नाव मिळतं. एप्रिल २०१९ मध्ये जँगो या पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कची २.२ आवृत्ती आली. तिच्यात ‘व्ह्यू’ या, विनंतीला उत्तर देणाऱ्या, मूळ क्लासला ‘सेटअप’ नावाची नवी मेथड मिळाली. विनंती आली की ती योग्य मेथडकडे धाडण्याच्या (डिस्पॅचच्या) आधी ‘सेटअप’ला हाक मारायची, आणि तिनं विनंतीचे तपशील वस्तूवर ठेवायचे, असं तिचं काम. योजना चांगलीच आहे, मी स्वतः ती आनंदानं वापरतो. पण ‘सेटअप’ हे नाव जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमरला सकाळी चहा पिताना सुचेल असं आहे. ज्यांच्या व्ह्यूमध्ये ते आधीपासून होतं, त्यांच्या मेथडला आता वरून हाक येऊ लागली, भलत्या वेळी आणि भलती पॅरामीटर घेऊन. जँगोच्या आत यासाठी एक तपास आहे. सेटअप होऊनही वस्तूवर विनंती दिसली नाही, तर तो विचारतो: तुम्ही सेटअप ओव्हरराइड करून वरच्याला हाक द्यायची विसरलात का? त्या संदेशामागं काळजी आहे. तरी ज्यानं ओव्हरराइड केलेलंच नव्हतं, त्याला तो प्रश्न वाचून आधी काहीच समजत नाही.

आता काट्याची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयाचं गांभीर्य मला तिथं पटलं.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचा वजनकाटा. उसानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टवरून वजनाचा आकडा सतत पाठवत राहतो आणि संगणकावरचा प्रोग्रॅम तो वाचून पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवतो. आकडा स्थिरावला की लिपिक पावती काढतो. ऊस खाली करून गाडी परतली की रिकाम्या गाडीचं वजन होतं, आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. त्या वजाबाकीवर घराचं वर्ष चालतं. ‘काटामारी’ हा शब्द आमच्याकडं पोरासोरांनाही कळतो. काट्याच्या पडद्यावर चुकीचा आकडा क्षणभर जरी दिसला तरी त्याचा अर्थ बिघाड असा कुणी लावत नाही.

प्रोग्रॅम पायथॉनमध्ये होता. इंडिकेटर वाचायचं काम अखंड चालावं आणि खिडकी अडकू नये म्हणून ते वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूला स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यात, ठेवलं होतं. त्यासाठी पायथॉनच्या ‘थ्रेड’ क्लासचा वंशज लिहिलेला. ‘आता थांब’ अशी खूण ठेवायला त्यात एक इव्हेंट (थ्रेडना एकमेकांना कळवायचा झेंडा) होता आणि त्याचं नाव होतं ‘स्टॉप’, सुरुवातीला एक अंडरस्कोर (_) लावलेलं. पायथॉनमध्ये असा एक अंडरस्कोर म्हणजे ‘हे माझं आतलं आहे, बाहेरच्यानं हात लावू नये’ असा रिवाज. लिहिणाऱ्यानं रिवाज नीट पाळला होता. पायथॉन २ वर हा प्रोग्रॅम अनेक गाळप हंगाम बिनबोभाट चालला.

१ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा अधिकृत सांभाळ थांबला. जगभरच्या प्रोग्रॅमसारखा हाही पायथॉन ३ वर न्यावा लागला. प्रिंटला कंस, भागाकाराची खूण, पोर्टवरून येणाऱ्या बाइटचं अक्षरांत रूपांतर, जे बदलायचं ते बदललं गेलं. प्रोग्रॅम सुरू झाला, वजनं बरोबर आली, गाड्या जाऊ लागल्या.

बिघाड दिसला तो पाळी बदलताना. काट्यावरचे लिपिक फोनवर सांगत होते, ‘‘सर, खिडकी मिटंनाच झालीया बघा. गाडी गेली तरी आकडा हाय तसाच हाय. मागं लाइन लागलीया.’’ रांगेत पुढची ट्रॉली उभी, काट्यावर कुणी नाही, आणि पडद्यावर गेलेल्या गाडीचं वजन. त्यांनी मुख्य बटण दाबून संगणक बंद केला, पुन्हा चालू केला आणि काम पुढं गेलं. त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पायथॉन ३ च्या ‘थ्रेड’ क्लासकडे, त्याच एका अंडरस्कोरसह, ‘स्टॉप’ नावाची स्वतःची आतली मेथड होती. थ्रेड संपला की त्याची नोंद करायला तो क्लास स्वतःच तिला हाक मारत असे. पायथॉन २ मध्ये हेच काम करणाऱ्या मेथडच्या नावापुढं दोन अंडरस्कोर होते. दोन अंडरस्कोर दिसले की पायथॉन त्या नावात क्लासचं नाव गुंफतं, त्यामुळे वरचं नाव वेगळं राहायचं आणि टक्कर होत नसे. तीनमध्ये त्यातला एक अंडरस्कोर गेला. मग खिडकी बंद करताना असं घडू लागलं: थांबायची खूण झाली, वाचणारा थ्रेड थांबला, आणि मुख्य प्रोग्रॅम ‘जॉइन’ करून त्याच्या संपण्याची वाट बघत राहिला. थ्रेड संपताच मूळ क्लासनं आपल्या ‘स्टॉप’ला हाक मारली आणि त्या नावावर त्याला मेथडऐवजी वंशजाचा इव्हेंट सापडला. इव्हेंट काही हाक मारून चालवता येत नाही. पायथॉननं तशी तक्रार केली, पण प्रोग्रॅम कन्सोलशिवाय, म्हणजे संदेश दाखवणाऱ्या खिडकीशिवाय, चालत होता, तक्रार उमटायला जागाच नव्हती. खिडकी मिटवणारी ओळ ‘जॉइन’च्या खाली होती आणि तिथवर काम पोचलंच नाही. म्हणून खिडकी उघडी राहिली, वाचणारा थ्रेड संपलेला, आणि शेवटचा आकडा पडद्यावर तसाच.

दिवसभर सगळं सुरळीत चालतं आणि थांबायच्या वेळी मोडतं, असा हा दोष. चाचणी घेताना आपण प्रोग्रॅम चालतो का ते बघतो. तो नीट संपतो का, हे बघायची सवय फार थोड्यांना असते.

मला तेव्हापासून एक गोष्ट सतत जाणवते. त्या प्रोग्रॅममध्ये वाईट असं काही नव्हतं. थांबवण्याच्या खुणेला ‘स्टॉप’ म्हणावं, आतली आहे म्हणून अंडरस्कोर लावावा, हे कुठल्याही चांगल्या शिक्षकानं शिकवलं असतं. पायथॉन लिहिणाऱ्यांनीही नेमका तोच विचार केला होता. वंशज आणि पूर्वज एकाच प्रकारचं काम करतात, एकाच भाषेत विचार करतात, म्हणून चांगलं नाव दोघांना एकच सुचतं. नाव जितकं नेमकं तितकी टक्कर जवळ. ‘चांगली नावं द्या’ हा सल्ला इथं उलटा पडतो, आणि म्हणूनच हा भार एकट्या प्रोग्रॅमरच्या शहाणपणावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या आतल्या नावांबद्दल आम्हाला सांगितलंच जात नाही, त्यांच्यापासून सांभाळून राहा असं आम्हाला सांगता येणार नाही.

दोन अंडरस्कोरांची युक्तीही पुरी पडत नाही. ती क्लासच्या नावावर टेकलेली आहे. वंशजाच्या आणि पूर्वजाच्या क्लासचं नावच एक असलं, तर गुंफून तयार होणारी नावंही एकच. पुन्हा दोन शाहू, आणि ठिकाण सांगणारं कुणी नाही.

भाषा घडवणाऱ्यांनी हे ओळखलं नव्हतं असं नाही. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो सी-शार्पमधल्या निर्णयाचा. २००२ साली ती भाषा बाहेर आली तेव्हा अँडर्स हाइल्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पक्षांना बोलायला लावलं. मूळ क्लासनं आधी सांगायचं की ही मेथड बदलायला मोकळी आहे. त्यासाठी ‘व्हर्च्युअल’ असा शब्द. वंशजानं सांगायचं की मी ती जाणूनबुजून बदलतोय, त्यासाठी ‘ओव्हरराइड’. वंशज काहीच बोलला नाही आणि नाव जुळलं, तर कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, इशारा देतो, पण वंशजाच्या मेथडला वारस मानत नाही. ती आपली वेगळी राहते. जुळणारं नाव वेगळ्याच कामासाठी हवं असेल तर ‘न्यू’ लिहून तसं सांगायचं, म्हणजे इशाराही थांबतो. यातली खुबी दोन वर्षांनंतर कळते. वरच्यानं नव्या आवृत्तीत तेच नाव घेतलं तरी खालच्या जुन्या मेथडला वरून हाक येत नाही. तिचं काम होतं तसंच चालू राहतं आणि पुढच्या कंपाइलला माणसाला कळतं की नाव जुळलंय, आता ठरव. दत्तकविधान झाल्याशिवाय गादी नाही, इतका हा नियम सरळ आहे.

जावानं उलट दिशा धरली होती. तिथं साधी लिहिलेली मेथड बदलायला आपोआप मोकळी असते आणि नाव जुळलं की वारसा ठरतो. २००४ च्या जावा ५ मध्ये ‘ओव्हरराइड’ची खूण आली, पण ऐच्छिक. ती लावली आणि वर तसं नाव नसलं तर कंपायलर अडवतो. म्हणजे ‘मला वारस व्हायचं होतं पण स्पेलिंग चुकलं’ या दोषापासून ती वाचवते. ‘मला वारस व्हायचंच नव्हतं’ या दोषापासून वाचवत नाही, कारण ज्याला माहीतच नाही तो खूण लावणार कशाला? २०११ मध्ये सी-प्लस-प्लसला मिळालेला ‘ओव्हरराइड’ही असाच ऐच्छिक. मार्च २०१४ मध्ये जावा ८ नं ‘लिस्ट’ला ‘सॉर्ट’ दिलं. ज्यांनी आपल्या यादीच्या क्लासमध्ये तशीच ‘सॉर्ट’ आधी लिहिली होती आणि ती काहीतरी परत देत होती, त्यांचं कंपाइल अडलं. ज्यांची काही परत देत नव्हती ते मुकाट्यानं वारस झाले. अडलेले सुदैवी म्हणायचे.

स्विफ्ट आणि कोटलिन या नव्या भाषांनी ‘ओव्हरराइड’ सक्तीचा केला. कोटलिननं तर क्लास मुळातच बंद ठेवला. ‘ओपन’ लिहिल्याशिवाय त्याचा वंशजच होत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये ही सक्ती हवी असेल तर चालू करता येते, ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून. पायथॉनला अशी खूण मिळाली ती थेट ३.१२ मध्ये, २०२३ साली, आणि तीसुद्धा प्रोग्रॅम चालताना कुणी बघत नाही; वेगळं तपासणारं साधन लावलं तरच कामाला येते. काट्यावरच्या त्या प्रोग्रॅमला तिचा उपयोग झाला नसता.

या सक्तीलाही एक मर्यादा आहे, आणि फोनची अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी ती ओळखायला हवी. कंपायलरला प्रश्न विचारता येतो तो फक्त कंपाइल होताना. अँड्रॉइडचं फ्रेमवर्क फोनमध्ये असतं, आणि अ‍ॅप कधीकाळी कंपाइल होऊन गेलेलं. फोनची सिस्टीम अपडेट झाली, मूळ क्लासला नवं नाव मिळालं, आणि ते योगायोगानं जुन्या अ‍ॅपमधल्या मेथडशी पॅरामीटरसकट जुळलं, तर तिथं विचारायला कुणीच नसतं. अँड्रॉइडच्या लॉगमध्ये एक इशारा वर्षानुवर्षं दिसत आला आहे: अँड्रॉइड ४.१ च्या आधी या मेथडनं त्या पॅकेजपुरत्या मेथडला चुकीनं ओव्हरराइड केलं असतं. रंगछटा बदलणाऱ्या एका मेथडबद्दल तो हजारो जणांनी पाहिला असेल आणि काही बिघडत नाही म्हणून सोडून दिला असेल. पॅकेजपुरती मेथड म्हणजे जी बाहेरच्याला दिसतच नाही. तिचा वारसा बाहेरच्याकडं जायचं कारणच नाही. पण २०१२ पूर्वीचा अँड्रॉइड नाव जुळलं की तोही देऊन टाकायचा. त्या इशाऱ्यात ज्या दोन मेथडची नावं येतात त्या दोन्ही गूगलच्याच, एक फ्रेमवर्कमधली आणि एक त्यांच्या सपोर्ट लायब्ररीतली, म्हणजे अ‍ॅप लिहिणाऱ्यांना दिलेल्या तयार कोडच्या संचातली. एकाच घरात राहून त्यांना हे टाळता आलं नाही, तर गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपसाठी लिहिणाऱ्या आम्ही ते कसं टाळायचं?

नाव देणाऱ्यानंच मागं सरावं, असं एकदा घडलेलं आहे. त्यात वंशज नव्हते, पण प्रश्न हाच होता. २०१८ मध्ये जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेच्या अ‍ॅरेला (म्हणजे यादीला) ‘फ्लॅटन’ नावाची मेथड द्यायचं चाललं होतं. मूटूल्स नावाची जुनी लायब्ररी आधीपासून अ‍ॅरेवर स्वतःचं ‘फ्लॅटन’ चिकटवायची आणि मग अ‍ॅरेवरची नावं एकेक मोजत ती दुसरीकडे न्यायची. भाषेचं स्वतःचं ‘फ्लॅटन’ आलं की ते नाव त्या मोजणीत दिसेना, आणि मूटूल्सवरची जुनी संकेतस्थळं मोडू लागली. बराच वाद झाला. शेवटी मानक ठरवणाऱ्या समितीनं आपलं नाव बदललं. आज ती मेथड ‘फ्लॅट’ आहे आणि २०१९ च्या मानकात त्याच नावानं आली. ‘कंटेन्स’चं ‘इन्क्लूड्स’ झालं तेही मूटूल्समुळंच. कित्येकांना हा कमीपणा वाटला. मला त्यात मोठेपणा दिसतो. कुणी सांभाळत नसलेली, कुणाची तरी जुनी पानं चालू राहावीत म्हणून एका भाषेनं आपलं आवडतं नाव सोडलं.

आम्ही आमच्यापुरतं काय करतो तेही सांगतो. काट्यावरच्या प्रोग्रॅममध्ये ‘थ्रेड’चा वंशज होणं सोडून दिलं. आता साधा क्लास आहे आणि थ्रेड त्याच्या पोटात ठेवला आहे. दोघांच्या नावांची भेटच होत नाही. जिथं वंशज झाल्याशिवाय चालत नाही तिथं आमच्या मेथडना कामाची नावं देतो, आणि ती बरेचदा मराठीत, रोमन अक्षरांत: ‘काटावाचन थांबवा’, ‘पावती जुळवा’, ‘सौदा बंद’. पायथॉन ३ देवनागरी नावंसुद्धा घेतं, पण कीबोर्डची अडचण अजून आहे. सुरुवातीला नव्या मुलांना हे गावंढळ वाटतं. मग मी त्यांना विचारतो, कॅलिफोर्नियात बसून फ्रेमवर्क लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी ‘सौदा बंद’ हे नाव सुचेल का?

फ्रेमवर्कची आवृत्ती बदलायच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालवतो. आमच्या वंशज क्लासमधली सगळी नावं ती गोळा करते आणि नव्या आवृत्तीतल्या मूळ क्लासमध्ये, अंडरस्कोरवाल्या आतल्या नावांसकट, कोणती जुळतात ते दाखवते. पहिल्यांदा ती फक्त क्लासवर लिहिलेल्या मेथड बघायची. त्यात काट्यावरचं ‘स्टॉप’ सापडलंच नसतं, कारण ते क्लासवर नव्हतं, वस्तू जन्मताना तिच्यावर ठेवलेलं होतं. म्हणून आता ती कोडचा मजकूर वाचून ‘सेल्फ’नंतर येणारी, म्हणजे वस्तूवर ठेवलेली, नावंही उचलते. जुळलेल्या प्रत्येक नावापुढं माणसानं बसून ठरवायचं: हे मुद्दाम आहे की योगायोग? योगायोग असेल तर आमचं नाव बदलतो.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांकडं माझं एक मागणं आहे. नव्या आवृत्तीच्या टिपणात ‘ज्या क्लासचे वंशज लिहिले जातात, त्यांना या वेळी ही नवी नावं मिळाली’ असा वेगळा भाग छापा. जँगो २.२ च्या टिपणात ‘सेटअप’ची ओळ होती, पण ती छोट्या-मोठ्या नव्या सोयींच्या यादीत. ते वाचणारा ‘अरे वा, ही सोय आली’ म्हणून पुढं जातो, आपल्याच कोडमध्ये ते नाव शोधायचं त्याच्या डोक्यात येत नाही. नवी नावं वेगळी, एकाखाली एक छापली, तर माझ्या टीममधला सगळ्यात नवखा मुलगाही ती यादी घेऊन अर्ध्या तासात सगळं कोड शोधून काढेल, आणि ते हंगाम सुरू व्हायच्या आधी करता येईल.